साठीनंतर 'फक्त चाला' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

वजन जास्त असलेल्या वयस्क बायकांसाठी एक मेसेज फिरतोय : 'साठीनंतर फक्त चाला. वजनं उचललीत तर गुडघे जातील. या वयात स्नायू वाढतच नाहीत. आणि सहा महिन्यांत काटा हलला नाही तर व्यायाम फुकट गेला.' माझ्या आईने तो वाचला आणि फिजिओथेरपिस्टने ताकदीच्या व्यायामासाठी दिलेला रबरी पट्टा कपाटात टाकला. म्हणून हे लिहायला बसले.

'फक्त चाला.' चालण्याने दमसास वाढतो, यात वाद नाही. पण आई खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावते, पुढे झुकते, एकदा परत खाली बसते. तिथे कमी पडते ती मांडीतली ताकद. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पासष्टीपुढच्या १६० लठ्ठ स्त्री-पुरुषांचा अभ्यास आला. आहार कमी करून कुणी चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम केला, कुणी वजनं उचलण्यासारखा ताकदीचा, कुणी दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचं वजन साधारण ९ टक्के उतरलं. पण उतरलं काय? नुसत्या दमसासाच्या गटात चरबीखेरीजचं, म्हणजे मुख्यतः स्नायूंचं वजन ५ टक्के गेलं आणि खुब्याच्या हाडाची घनता ३ टक्क्यांनी घटली. ताकदीच्या गटात स्नायूंचं नुकसान २ टक्के, हाडाचं १ टक्क्याहूनही कमी. रोजच्या हालचालींच्या चाचणीत दोन्ही करणारे २१ टक्क्यांनी सुधारले, एकच करणारे १४. उतारवयात गेलेला स्नायू परत मिळवणं किती जड जातं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि मला राग आहे तो त्याचाच.

'गुडघे जातील.' गुडघ्याला सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो दुबळा झाला की भार सांध्यावर येतो. म्हणून तर गुडघ्याच्या संधिवातात ताकदीचे व्यायाम देतात. एकदम जड वजनाला हात घालू नये आणि जोर लावताना श्वास कोंडू नये, एवढं खरं.

'स्नायू वाढत नाहीत.' १९९० सालच्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातल्या अशक्त माणसांनी ८ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम केला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

'काटा हलला नाही तर फुकट.' २००७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाळी थांबलेल्या, जास्त वजनाच्या, बैठ्या आयुष्याच्या ४६४ बायका होत्या. सर्वांत कमी व्यायामाचा गट आठवड्याला जेमतेम ७२ मिनिटं करत होता. वजनात फरक नगण्य, तरी सहा महिन्यांत दमसास वाढला होता.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टर. एरवी सुरुवात भिंतीला टेकवलेल्या खुर्चीपासून करा : हळू उठायचं, त्याहून हळू बसायचं. आईला पहिल्या दिवशी चार वेळा जमलं.