कोंबडखताचा ढीग आणि ताटावरची माशी

द्राक्षाची फळछाटणी जवळ आली की आमच्या तासगाव भागात कोंबडखताच्या गाड्या उतरायला लागतात आणि आठ-दहा दिवसांत घरात माश्याच माश्या. यंदा मी पण स्प्रेचे दोन डबे संपवले, काय उपयोग नाही. पुतण्याला जुलाब लागले, सलाईन लावायला लागलं, सगळे पाण्याला नावं ठेवत होते. पाणी असेलही, पण त्याच्या ताटलीवरच्या माश्या कुणी मोजल्या नाहीत.

मग खोरं घेऊन आमच्याच ढिगाकडं गेलो. वरनं कोरडा, पण ओला थर उकरला तर पांढऱ्या अळ्या वळवळतायत आणि कडेच्या सुक्या मातीत गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोश, मूठभर! एक मादी एका वेळेला शंभराच्या वर अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर, आणि ऊन असलं की आठ-दहा दिवसांत उडती माशी तयार. म्हणजे जेवढं ठेवू तेवढं वाढतंय ते.

आजी म्हणते माशी चावायला लागली की पाऊस येतो. पण चावणारी ती गोठ्यातली, तिची सोंड सुईसारखी पुढं आलेली असते, घोट्याला डसते. घरातली माशी चावूच शकत नाही, करडा रंग, पाठीवर चार काळे उभे पट्टे, तोंड स्पंजसारखं. आणि म्हणूनच ती जास्त घाण करते, भाकरीवर बसली की आधी लाळ ओकते, भाकरी विरघळवून मग शोषते, बसल्या जागी हगते पण. ट्यूबलाईटच्या वायरीवर जे काळे ठिपके दिसतात ना, ते तेच. खतावर, उघड्यावरच्या संडासावर बसलेले तेच केसाळ पाय घेऊन ती ताटात येते, हगवण, टायफॉईड, कॉलऱ्याचे जंतू असेच येतात. किलोमीटर-दोन किलोमीटर सहज उडते, त्यामुळं माझं घर स्वच्छ आहे म्हणून सुटका नाही, भावकीतल्या एकाचा ढीग उघडा असला तरी सगळ्या वस्तीला त्रास.

मी ढिगावर जुना प्लॅस्टिकचा कागद ओढला, कडा मातीनं दाबल्या, आत वाफ धरते, अळ्या त्यातच मरतात. उडत्या होत्या त्या पंधरा-वीस दिवस राहिल्या, मग कमी झाल्या.

गाडी उतरली की त्याच दिवशी झाका, उद्यावर टाकू नका. माझ्याकडं शेततळ्याच्या कागदाचे दोन तुकडे पडलेत, ज्याला पाहिजेत त्यानं येऊन घेऊन जावा, पैसे नकोत.