‘घर माझं, भिंतही माझी’: इंटिरियरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

नव्या इमारतीत ताबा सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात एक मजकूर हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मुद्दे तेच. आतल्या कामाला महापालिकेची परवानगी लागत नाही. सोसायटीची एनओसी म्हणजे पैसे काढायचा धंदा. आगीचे नियम मॉल आणि हॉटेलांना. ‘ग्रीन’ माल म्हणजे दुप्पट भाव. मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात कापून आणलेलं फर्निचर, निव्वळ भुसा, खरं काम सुतार साइटवर बसून करतो. आणि राबिट, म्हणजे तोडफोडीचा ढिगारा? टेम्पोवाल्याला द्या, तो बघेल.

हे सगळं खोटं असतं तर उत्तर द्यायची गरजच नव्हती. अडचण अशी की पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्या आधारावर बाकीची खपतात.

आधी परवानगीचं बघू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ याच्या कलम ४३ मध्ये खरोखरच सूट आहे. इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंधित असलेल्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्ती-सुधारणांना नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. वारसा इमारतींना मात्र ही सूट नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथवर वाचलं आणि पान मिटलं. मुंबईत याच्या जोडीला १८८८ चा महापालिका कायदा आहे आणि त्याचं कलम ३४२ सांगतं की कोणती कामं साधी दुरुस्ती धरायची. गिलावा, रंग, फरशी बदलणं, नळ-संडास-वायरिंगची दुरुस्ती हे चालतं. भार पेलणारी भिंत किंवा रचनेचा कुठलाही घटक काढणं किंवा बदलणं, जमिनीची पातळी खाली नेणं, पोटमाळा किंवा लॉफ्ट वाढवणं हे त्यात बसत नाही. म्हणजे रंगाला परवानगी नको हे बरोबर, पण स्वयंपाकघर आणि हॉल ‘ओपन’ करायला नको हे चूक असू शकतं.

असू शकतं म्हणायचं कारण उघड आहे: ते भिंतीवर ठरतं. जुन्या इमारतींत कॉलम-बीमचा सांगाडा आणि मध्ये साडेचार इंची विटांची भिंत असायची. मिस्त्री बोटाने वाजवून सांगायचा, पाडा बिनधास्त. गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाणे-पुण्यातले अनेक टॉवर ‘मायव्हान’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, उभे राहिलेत. तिथे बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि त्यांतल्या पुष्कळशा इमारतीचा भार पेलणाऱ्या. अशा भिंतीत एसीच्या पाइपसाठी आडवी झिरी मारताना कटर सळीला लागला, तर ते तुमच्या घरापुरतं राहत नाही. वर वीस मजले आहेत. बिल्डरकडून मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या आणि ब्रेकर लावण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. इंटिरियर डिझायनरचं मत हा त्याला पर्याय नाही. डिझायनर कितीही चांगला असो.

पाडण्याइतकंच घालण्याचंही आहे. घरांच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चल भार, म्हणजे वापरातलं बदलतं ओझं, धरलाय चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. माणसं, पलंग, कपाटं, पाहुणे सगळे त्यात आले. आता जुनी फरशी न काढता तिच्यावर ४० मिमी मसाला आणि १० मिमीची टाइल टाकली, तर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास कायमचं ओझं वाढतं. तुमच्या वाट्याच्या २०० किलोंतले निम्मे पहिल्याच दिवशी संपले. कायद्याने फरशी ‘बदलायला’ मुभा दिली आहे, थर चढवायला नव्हे. चढवायचीच असेल तर टाइल ॲडहेसिव्हने पातळ थरात लावता येते आणि भर पाव-तृतीयांशावर येते. शिवाय काम लवकर उरकतं. तसंच पार्टिशनचं: साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोपर्यंत जाते, जिप्सम बोर्डाची त्याच्या दहाव्या हिश्श्यात बसते. पण मिस्त्रीला विटांचंच काम येतं, म्हणून वीट सांगितली जाते.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धिसाई इमारत कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये नूतनीकरण चालू होतं. खांबांना हात लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला आणि गुन्हा दाखल झाला. ‘आतलं काम’ या शब्दाला मर्यादा का लागते, हे विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो.

सोसायटीच्या मुद्द्यात तक्रारीला जागा आहे, ते मान्य. परत न मिळणारी भरमसाट रक्कम ‘इंटिरियर चार्जेस’ म्हणून मागणाऱ्या समित्या आहेत. त्यांच्याकडे ठरावाची प्रत मागावी, नाही दिली तर उपनिबंधकांकडे जावं. पण राज्याच्या आदर्श उपविधींतच आहे की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने गाळ्यात फेरबदल करू नयेत. म्हणजे एनओसी हा चेअरमनकाकांचा शोध नाही. त्या कागदाचा फायदाही तुम्हालाच. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत रचनेत किंवा कारागिरीत दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग तुम्हीच फोडलंत आणि खालच्यांच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं, तर बिल्डर पहिला प्रश्न विचारेल: काम कुणी केलं, कशाच्या परवानगीने?

आगीचा मुद्दा थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा फक्त मॉलसाठी नाही. अग्निशमन यंत्रणा असलेल्या इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने, म्हणजे उंच रहिवासी इमारतींत सोसायटीनेही, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र (नमुना ब) परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, द्यायचं असतं. आणि तुमचा सुतार काय करतो? फॉल्स सीलिंग खाली घेतो आणि आग लागल्यावर पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं डोकं वर झाकून टाकतो. धूळ नको म्हणून धुराच्या डिटेक्टरला चिकटपट्टी लावतो, ती काढायची राहते. आगरोधक मुख्य दरवाजा काढून कोरीव सागवानी बसवतो. हे तिन्ही प्रकार पॉश टॉवरांत सर्रास दिसतात. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या गच्चीवरची उपाहारगृहं पेटली आणि १४ जणांचा जीव गेला. तिथेही आग वेगाने पसरायला वरचं ज्वलनशील आच्छादन कारण ठरलं. सजावटच ती.

आता ‘ग्रीन’ माल. इथे फॉरवर्डवाल्याचा संशय मला पूर्ण अनाठायी वाटत नाही. हिरवं पान छापून भाव वाढवणारे विक्रेते आहेतच. पण नव्या कपाटाचा डोळे चुरचुरवणारा वास ही जाहिरात नाही. स्वस्त एमआर (ओल थोडीफार सोसणाऱ्या) प्लायमध्ये आणि एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या बोर्डात, युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो आणि फॉर्माल्डिहाइड हळूहळू बाहेर पडत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून बोर्डावर ई-१ किंवा ई-० हा उत्सर्जनाचा दर्जा विचारायचा. आयएस ७१० चा मरीन प्लाय फिनॉलिक गोंदाचा असतो, ७२ तास उकळूनही त्याचे थर सुटता कामा नयेत अशी चाचणी आहे आणि वायूही तो फार कमी सोडतो. नुसता ‘७१०’ चा शिक्का मात्र कुणीही मारतो. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि पर्यावरणाचंच बोलायचं तर सगळ्यात हिरवी फरशी ती, जी उखडली नाही. बिल्डरने बसवलेल्या कोऱ्या टाइल्स, ओटा आणि दारं ताब्याच्या आठवड्यात फोडणारं घर नंतर बांबूचं फर्निचर घेऊन काय साधतं, मला कळत नाही. ऑफिसांत तर हे करारातच लिहिलेलं असतं: भाडेकरार संपला की सगळं काढून जागा मूळ स्थितीत परत करा. बीकेसी असो की हिंजवडी, चालू स्थितीतली केबिनं आणि सीलिंग भंगारात जातात आणि पुढचा भाडेकरू तसंच पुन्हा बसवतो.

मॉड्युलरच्या मुद्द्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. सिंकखालचा पार्टिकल बोर्ड फुगतो, खरं आहे. पण तो दोष मालाचा, कारखान्याचा नाही. कारखान्यात ७१० चा प्लायही कापता येतो. फरक कामाच्या पद्धतीत आहे. पॅनल सॉ, म्हणजे बोर्ड कापायचं यंत्र, आठ बाय चारच्या शीटचे तुकडे आधी संगणकावर मांडून कापतो, त्यामुळे कतरण कमी. एज बँडिंग, म्हणजे कडेची पट्टी, यंत्राने गरम गोंदावर बसतं, कडेतून ओल शिरत नाही. घरात फक्त जोडणी उरते. साइटवर सुतार, पीओपीवाला, रंगारी एकमेकांची वाट बघत बसतात आणि धुळीत पॉलिश करतात. महिनोन्‌महिने काम लांबण्याचं मुख्य कारण ते, सुताराचा आळस नव्हे. वाकड्या कोपऱ्यातलं कपाट, जुन्या सागाची डागडुजी, तिथे साइटवरच्या हाताला तोड नाही.

राहिलं राबिट. नऊ चौरस मीटरची एक विटांची भिंत पाडली की दोन टनांवर माल निघतो, म्हणजे सिमेंटच्या पन्नासहून अधिक गोणी. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांतच दुरुस्ती आणि फेरबदलाचा कचराही धरलेला होता आणि तो वेगळा करून योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर होती, टेम्पोवाल्यावर नव्हे. त्यांच्या जागी आलेल्या, १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या नियमांत २०,००० चौरस मीटर आणि त्यावरील बांधकामांवर पुनर्वापराची वाढीव जबाबदारी टाकली आहे. एकट्या फ्लॅटवर ती येत नाही, पण म्हणून काही रात्री खाडीकाठच्या तिवरांत गोणी रिकाम्या करायची मुभा मिळत नाही. राबिट उचलून न्यायला मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. कोटेशनमध्ये ‘राबिट वाहतूक’ एवढीच ओळ असते, तिथे ‘अधिकृत केंद्रावर जमा केल्याची पावती’ असं लिहून घ्या, आणि ती पावती हातात आल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सोडू नका.