समाधानकारक म्हणजे कमअस्सल नव्हे
हर्बर्ट सायमन यांच्या, संस्थांमध्ये निर्णय कसे होतात यावरील आणि १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या संशोधनातून ‘संस्थांतील माणसे कमी प्रतीच्या निर्णयावर समाधान मानतात’ असा अर्थ एका लेखात लावलेला मी वाचला, तो मला पटला नाही. माहिती, वेळ आणि आकलनशक्ती मर्यादित असल्यामुळे माणूस अपेक्षेची एक पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पर्याय सापडला की शोध थांबवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. चांगले पर्याय सहज मिळू लागले की ही पातळी वर सरकते, हा महत्त्वाचा भाग लेखात आलेलाच नाही.

मी एका खरेदी समितीवर असताना निकष न ठरवताच आम्ही निविदा चाळत राहिलो आणि निर्णय कित्येक महिने रखडला. किमान अपेक्षा लिहून काढल्यावर तो एकाच बैठकीत झाला.