सरकारी तंत्रज्ञान घेताय? आधी कोट शिवा

सगळ्यात आधी एक बरासा कोट शिवून घ्या. सरकारी प्रयोगशाळेचं संशोधन परवान्यावर घेऊन त्याचा धंदा करायचा म्हणताय ना? मग जागा, यंत्रं, भांडवल हे सगळं मागाहून बघता येईल. करारावर सह्या होताना फोटो निघतो, आणि या सगळ्या व्यवहारात खात्रीने बाहेर पडणारं उत्पादन तेवढं एकच. शक्यतो ११ मेचा मुहूर्त धरा. राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन असतो, कुणीतरी मोठं माणूस हमखास येतं. फाईल दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. आत कोरे कागद असले तरी घाबरू नका, खरा मसुदा अजून विधी विभागात फिरत असतो.

आता प्रात्यक्षिक. हे मात्र मन लावून बघा, कारण पुन्हा दाखवणार नाहीत. पाचशे मिलिलिटरचा बीकर, खाली मॅग्नेटिक स्टरर, शेजारी डिस्टिल्ड वॉटर आणि एआर ग्रेडच्या, म्हणजे प्रयोगशाळेच्या शुद्धतेच्या रसायनाची सीलबंद बाटली. वीस मिनिटांत सुंदर पांढरं चूर्ण खाली बसतं. साहेब म्हणतात, ‘बघा, किती सोपं आहे!’ तुम्हीही मान डोलवा. भोसरीत तुमचा रिॲक्टर दोन हजार लिटरचा आहे हे त्या शांत वातावरणात बोलून दाखवू नका. भांडं मोठं केलं की आतला माल घनाच्या पटीत वाढतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त वर्गाच्या पटीत. म्हणजे बीकर आपोआप निवतो, रिॲक्टर निवत नाही. एप्रिलच्या दुपारी जॅकेटमधलं, म्हणजे रिॲक्टरभोवती थंडाव्यासाठी फिरणारं पाणीच कोमट झालं की आत चूर्णाऐवजी पिवळट लगदा तयार होतो, आणि तो काढायला माणूस आत उतरवावा लागतो.

तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या वहीत याबद्दल एक वाक्य असतं: ‘मिश्रण हळूहळू ढवळावे.’ हळूहळू म्हणजे किती, हे विचारू नका. ज्या प्रोजेक्ट असिस्टंटला ते ठाऊक होतं त्याची मुदत संपली आणि तो पोस्ट-डॉकला परदेशी गेला. त्याचा व्हॉट्सॲप नंबर मात्र मिळवा. परवाना तुम्ही प्रयोगशाळेकडून घेतलात, तंत्रज्ञान त्याच्याकडे आहे.

‘हे फक्त आम्हालाच द्या’ असा हट्ट धरू नका. जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन एकट्याला दिलं की दुसरा तक्रार करणार, मग दक्षता विभाग, मग ऑडिटचा आक्षेप. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाने हे का ओढवून घ्यावं? तेच दहा जणांना दिलं तर कुणी काही विचारत नाही, शिवाय वार्षिक अहवालात एकाच्या जागी दहा हस्तांतरणं दिसतात. तुम्ही पदरचे पैसे घालून दोन वर्षं गिऱ्हाइकाला माल समजावून सांगा, तोवर उरलेले नऊ जण शांत बसतील. बाजार तयार झाला की दोन रुपये कमी लावायला तेच येतील. अमेरिकेत १९८० साली बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातल्या शोधांचे परवाने देताना छोट्या कंपन्यांना झुकतं माप मिळालं. आपल्याकडे त्याच धर्तीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. त्या विधेयकातही त्रुटी होत्याच, पण ते असो.

पैशांचं फार मनाला लावून घेऊ नका. अगाऊ शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, मग विक्रीवर रॉयल्टी. करारात किमान रॉयल्टीचं कलम असेल तर विक्री शून्य असली तरी ती भरायची. बँकेत परवान्याचा कागद दाखवाल तेव्हा मॅनेजर तो आदराने वाचतील, विनातारण कर्जाच्या योजनेचं माहितीपत्रक हातात देतील आणि विचारतील, ‘फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?’

एवढं करून माल तयार झालाच, तर तो सरकारला विकायला जा. संशोधन सरकारचं, पैसा सरकारचा, चाचणीचा अहवाल सरकारी प्रयोगशाळेचा. निविदा उघडून बघा: ‘गेल्या तीन वर्षांत अशाच प्रकारचा माल पुरवल्याचा दाखला जोडावा.’ ज्या वस्तूचा शोध गेल्या वर्षी लागला तिचा तीन वर्षांचा अनुभव! स्टार्टअपना या अटीतून सूट देता येते, तसा नियम आहे. पण ती द्यायची की नाही हे खरेदी करणाऱ्यावर, आणि त्याला सर्वांत कमी दराचा तुलनात्मक तक्ता पुढे सरकवणं जास्त सुरक्षित वाटतं. ऑर्डर मिळाली तरी बिलाची घाई करू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर तक्रारीची ऑनलाइन सोयही आहे. पुढची ऑर्डर नको असेल तर अवश्य वापरा.

धीर खचला की कुणीतरी तुम्हाला मतदानाच्या शाईची गोष्ट सांगेल. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने शाई बनवली, एनआरडीसी या सरकारी शोधांचे परवाने देणाऱ्या महामंडळामार्फत परवाना दिला आणि १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरचा एक कारखाना ती पुरवतो आहे. ऐकून घ्या. फक्त तो कारखाना राज्य सरकारचा आहे आणि गिऱ्हाईक निवडणूक आयोग आहे, एवढं मनात म्हणा. स्वराज ट्रॅक्टरचं उदाहरणही येईल. दुर्गापूरच्या प्रयोगशाळेत त्याचा आराखडा झाला, पंजाब सरकारने १९७० मध्ये कंपनी काढली, आणि आराखडा करणारे इंजिनिअर प्रयोगशाळा सोडून कारखान्यात आले. तात्पर्य, एक तर सरकार गिऱ्हाईक म्हणून हवं, नाही तर शास्त्रज्ञ पगारावर हवा. तुमच्या करारात दोन्ही कलमं सापडली तर मलाही एक प्रत पाठवा.

मार्चमध्ये प्रयोगशाळेकडून ईमेल येईल: ‘यशोगाथा’ ३१ तारखेच्या आत पाठवावी. टाळाटाळ करू नका, परवान्याचं नूतनीकरण त्यांच्याच हातात आहे. ‘वार्षिक उलाढाल’ या रकान्यात ‘वाढती’ असं लिहा. ‘निर्माण झालेला रोजगार’ या रकान्यात स्वतःला, बायकोला आणि त्या वॉचमनला धरा. तो शेजारच्या गाळ्याचा असला तरी हरकत नाही, शेजाऱ्याच्या यशोगाथेतही तोच आहे.