झोपवलेली भुतं
कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, उठून दोन कामं उरकायची, परत येऊन बघावं तर स्क्रीनवरचं ते गोल अजून फिरतंच आहे. दोन वर्षं हे निमूट सोसलं आणि एका रविवारी म्हटलं, आता बास, आज सोक्षमोक्ष लावायचाच. लिनक्स वापरतो त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. (विंडोजवाल्यांनी हसू नये, टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब उघडून बघा, तिथेही जत्राच भरलेली असते.)

तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती खिडकी, उघडलं आणि 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' मारलं. ब्लेम! कमांडचं नाव काय घरगुती आहे बघा. मशीन सुरू होताना कुठल्या सर्व्हिसने, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमने, किती वेळ खाल्ला याची उतरत्या क्रमाने यादीच. पहिला नंबर 'नेटवर्क-मॅनेजर-वेट-ऑनलाइन'चा, जवळजवळ 30 सेकंद. हा गडी नेट यायची नुसती वाट बघत बसतो, बाकी काही करत नाही, आणि जे त्याच्यावर अवलंबून आहेत त्यांनाही ताटकळत ठेवतो. त्याला लगेच डिसेबल केला.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण हातात कुऱ्हाड आली होती, मग ब्लूटूथ, मोडेम मॅनेजर, नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं अवाही, प्रिंटरचं ते कप्स, दिसेल त्याच्यावर घाव. या सगळ्या सर्व्हिसेस समांतर सुरू होतात, यादीत आकडा मोठा दिसला म्हणजे त्यानेच बूट (मशीन सुरू होणं) अडवलंय असं नसतं, खरा खोळंबा बघायचा तर 'क्रिटिकल-चेन', म्हणजे कोण कुणासाठी थांबलंय ती साखळी, बघावी लागते, हे मला नंतर कळलं. तोवर चोर सोडून बऱ्याच संन्याशांना फाशी झाली होती.

या सर्व्हिसेसना डीमन म्हणतात. 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या त्या काल्पनिक भुतावरून हे नाव घेतलं, पडद्याआड राहून गुपचूप राबणारं भूत म्हणून. भूत असल्याचा अनुभव मला कप्सने दिला. स्टॉप केलं तर मशीन म्हणालं केलं, पण 'कप्स डॉट सॉकेट' याला परत उठवू शकतं हं. मी दुर्लक्ष केलं, पाच मिनिटांनी कुठल्यातरी फाइलचा प्रिंट मेनू नुसता उघडला तर हा हजर! म्हणजे सर्व्हिस झोपलेली, पण दारावर सॉकेट बसलेलं, टकटक झाली की ते आतल्याला उठवणार. डिसेबलचा अर्थही फक्त 'बूटच्या वेळी आपणहून उठू नकोस' एवढाच, दुसऱ्या कुणी हाक मारली तर येतोच. मग शेवटचा मंत्र, मास्क. सर्व्हिसचं नाव थेट डेव्ह-नलला, म्हणजे लिनक्समधल्या रित्या पोकळीला, जोडून टाकायचं, कुणी कितीही हाका मारा. सर्व्हिस, सॉकेट आणि फाइलींवर नजर ठेवून तिला उठवणारं पाथ, तिघांनाही मास्क केलं आणि हात झटकले.

बूट 72 सेकंदांवरून 38 वर आला. वाचले 34 सेकंद, घातले चार तास, म्हणजे रोज एकदा मशीन चालू केलं तर साधारण सव्वाचारशे दिवसांत मुद्दल वसूल. आणि मी तर मशीन आठवडा आठवडा बंदच करत नाही.

तीन महिन्यांनी रात्री अकराला मुलगी आली. "बाबा, ही चार पानं उद्या सकाळी द्यायचीयत." प्रिंटर दिसेना. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, प्रिंटरला नाही नाही ते बोललो, कागदाचा ट्रे उगाचच तीनदा काढून बसवला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, याआधी तर चालायचा ना?" शेवटी हाताने सर्व्हिस सुरू करायला गेलो तर उत्तर आलं, युनिट मास्क्ड आहे. मी ओरडलो, कुणी केलं हे! मग कमांड हिस्टरी उघडली आणि मुलीला म्हटलं, तू झोप, मी बघतो.

तिघांनाही अनमास्क केल्यावर पानं निघाली. जाता जाता आणखी काय काय पुरलंय म्हणून मास्क केलेल्यांची यादी काढली, तर त्यात एक नाव असं निघालं की ते काय आहे, मी केलं की आधीपासूनच तसं होतं, काही म्हणजे काही आठवेना. कर्सर लुकलुकत होता. दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो आणि टर्मिनल हळूच बंद केलं.