पायवाट सोडली म्हणून चोर येतो, असं नाहीये

भाऊ, कालपासून मेसेज फिरतोय की जळगावच्या नवीन लेआउटांमध्ये मधून पायवाटा सोडल्या की चोरांना रान मोकळं, म्हणून चारी बाजूंनी भिंत घाला न एकच गेट ठेवा. हे बरोबर नाही. अमेरिकेत शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स बाईंनी 1961 मध्येच मांडलंय की रस्त्यावर लोकांची नजर असली की रस्ता सेफ राहतो. आपल्याकडे संध्याकाळी ओट्यावर बायका बसलेल्या असतात, कोणी भरीताची वांगी भाजतंय, कोणी खाट बाहेर टाकतंय, तिथून अनोळखी माणूस गेला की "कोणाकडे जायचंय भाऊ?" येतंच. उंच भिंतीमागे विचारणार कोण?

आमच्या कॉलनीत मागून भिंत घातली न दोनशे पावलांवरच्या किराण्यासाठी आई आता हायवेच्या कडेनं जाते, ट्रक अगदी अंगावरून जातात, मला खरी भीती त्याची वाटते.

हां, दोन कंपाउंडमधला अंधारा बोळ नकोच. पायवाट सरळ हवी, धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांसारखी, लाईट हवा, खिडक्या तिकडे उघडणाऱ्या हव्यात. फुटपाथ किमान 1.8 मीटर, हे रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचंच माप आहे, न आतल्या रस्त्यावर गाडी ताशी 30 च्या वर नको. अँब्युलन्स, बंबाचा रस्ता वेगळा ठेवायचाच असतो, पायवाट त्याच्याऐवजी नसते.