‘पोरांनी सही केली आहे ना?’

गेल्या आठवड्यात मुंबईतल्या बॉक्सिंग-किकबॉक्सिंगवाल्यांमध्ये एक मेसेज फिरला. मला तो चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय की हौशी स्पर्धांचे आयोजक पदरमोड करून खेळ जगवतात. पोरं स्वतः धोका मान्य असल्याच्या फॉर्मवर सही करतात. संस्था रजिस्टर्ड असते. निकालात चुका तर ऑलिम्पिकमध्येही होतात. तेव्हा हिशोब मागणाऱ्यांनी आधी एक स्पर्धा भरवून दाखवावी. मी १४ वर्षं पोरांच्या हाताला बँडेज बांधतोय, कॉर्नरला बादली घेऊन उभा राहतोय. म्हणून हे उत्तर.

आधी पदरमोड. दिवाळीचा बोनस रिंगच्या भाड्यात घातलेले लालबागचे एक काका मला माहीत आहेत. स्पर्धा संपल्यावर त्यांनी चहाच्या बिलासकट सगळा हिशोब हॉलच्या दारावर चिकटवला होता. गेल्या हिवाळ्यात मी पोरं घेऊन गेलो ती स्पर्धा वेगळीच. १८० एन्ट्र्या, प्रत्येकी ९०० रुपये, म्हणजे १ लाख ६२ हजार. हॉल शाळेचा, रिंग उसनी, फ्लेक्सवर सात प्रायोजक. कमवा की, कोण नको म्हणतंय? फक्त त्याला पदरमोड म्हणू नका.

आता सही. मेसेजचा सगळा जोर हिच्यावरच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २५ (जुन्या दंड संहितेचं ८७) संमतीबद्दल आहे, आणि त्यातलं उदाहरणच खेळाचं आहे. दोघं गंमत म्हणून तलवारबाजी करायला तयार झाले, तर खेळताना जी इजा होईल तिला दोघांची संमती धरली जाते. पण खेळात लबाडी नसावी. शिवाय संमती देणारा १८ वर्षांवरचा हवा. आमच्या स्पर्धांत निम्मी पोरं दहावी-बारावीची. अज्ञानाने, म्हणजे १८ वर्षांखालच्याने, केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) १९०३ मध्येच सांगून ठेवलंय. बापाने सही केली तरी त्याने पोराला खेळायची परवानगी दिली, आयोजकाला हयगय करायची नाही. समोरच्याचा ठोसा खायला पोरगा तयार असतो. रिंगजवळ डॉक्टर नसेल, हे त्याने कुठे मान्य केलेलं असतं?

त्याच हिवाळ्यातल्या स्पर्धेत टेबलावर ‘मेडिकल ऑफिसर’ अशी पाटी होती. पाटीमागे फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, हातात दुखण्यावरचा स्प्रे. अॅम्ब्युलन्स म्हणून उभी होती ती व्हॅन. आत ना ऑक्सिजन, ना अटेंडंट. वजन घ्यायला बाथरूममधला काटा, तोही उखडलेल्या लादीवर. माझ्या ५२ किलोच्या पोरासमोर जो आला तो डोळ्यांनीच पाच किलो जास्त वाटत होता. मी गप्प बसलो. का, तर पोराचं मेडल समोर दिसत होतं. ही चूक माझी.

दुसऱ्या राउंडला रेफरीने बाउट (लढत) थांबवली. पोरगा चालत खाली आला, वडापाव खाल्ला, हसलाही. वीस मिनिटांनी उलट्या. डोक्यात रक्तस्राव झालेला माणूस सुरुवातीला असाच चालता-बोलता असू शकतो, म्हणून मी टॅक्सी करून थेट सायन हॉस्पिटल गाठलं. सीटी स्कॅन साफ निघाला. दुसऱ्या दिवशी आयोजकाचा फोन : “सर, पुढच्या रविवारी कांदिवलीला आहे, त्याला आणा.” डोक्याला मार लागून नॉकआउट झालेल्याला किंवा त्यामुळे रेफरीने बाउट थांबवलेल्याला किमान ३० दिवस रिंगमध्ये उतरवायचं नाही, तीन महिन्यांत पुन्हा झालं तर ९० दिवस, हा हौशी बॉक्सिंगचा वर्षानुवर्षांचा नियम. त्या माणसाच्या शर्टावर ‘टेक्निकल डायरेक्टर’ लिहिलेलं होतं!

जुलै २०२२ मध्ये बंगळुरूला राज्यस्तरीय किकबॉक्सिंगमध्ये डोक्यावर मार बसून २३ वर्षांचा तरुण गेला. जागेवर वैद्यकीय सोय नव्हती, असा घरच्यांचा आरोप होता; पोलिसांनी हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला. हलगर्जीपणाने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला आज न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

रजिस्टर्डचं थोडक्यात. वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली म्हणजे संस्था कागदावर आहे, एवढंच. तेवढ्याने ‘नॅशनल’ भरवायची मान्यता मिळत नाही. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी ते सर्टिफिकेट घेऊन गेलेल्या आईबापांना हे खिडकीवर कळतं.

राहिलं ऑलिम्पिक. १९८८, सोल. बॉक्सिंगच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे लागले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, आणि जजच्या मतांत ३-२ ने जिंकला पार्क. लाजिरवाणंच होतं. पण पुढच्या ऑलिम्पिकला गुण मोजायला यंत्र आलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या वादग्रस्त निकालांनंतर तिथल्या ३६ही रेफरी-जजना टोकियोपासून दूर ठेवलं, चौकशी झाली, आणि २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीने आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेची मान्यताच काढली. आमच्याकडे मी स्कोअरशीट मागितली, तर “सर, कशाला विषय वाढवता?” तीन जजपैकी एक जिंकलेल्या पोराचाच कोच होता.

आणि स्पर्धा भरवून दाखवायची म्हणाल, तर हॉटेलात जेवण खराब निघालं तर गिऱ्हाईकाने आधी हॉटेल काढायचं का?

यंदाच्या एन्ट्रीआधी मी आयोजकाला चारच गोष्टी लिहून विचारल्या : डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन आहे का, काटा कुठला, आणि स्कोअरशीट कोचला बघायला मिळणार का. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर तिसऱ्या दिवशी : “सर, तुमच्या वजनगटांच्या एन्ट्र्या फुल झाल्या.”